टप्पा, मुक्काम आणि सायकल

सतराव्या शतकात सुरतेहून बऱ्हाणपूरकडे जाणारा मोठा व्यापारी मार्ग आजच्या नंदुरबार जिल्ह्यातून जात असे. झां-बाप्तिस्त ताव्हर्निये हा फ्रेंच जवाहिऱ्या त्या वाटेने गेला. कोणते गाव किती कोसांवर आहे, तेथे काय पिकते, काय विकते, रात्री उतरण्याची सोय कशी आहे, हे सारे त्याने व्यापाऱ्याच्या नजरेने टिपून ठेवले. नवापूरच्या सुवासिक तांदळाचे त्याने मनापासून कौतुक केले आहे. नवापूरच्या अलीकडे असलेल्या एका सराईचीही त्याने नोंद केली आहे. शाहजहानची कन्या जहाँआरा हिने ती धर्मादाय म्हणून बांधविली होती. तिच्या बांधणीचे कारण त्याने दिले आहे ते असे : आधीच्या मुक्कामापासून नवापूरपर्यंतचा टप्पा फार लांब होता आणि मधल्या सरहद्दीच्या मुलखात काफिले लुटले जात.

टप्पा माणसाला पेलेना, म्हणून मध्ये निवारा उभा राहिला. प्रवासाचे सारे शास्त्र या एका वाक्यात सामावले आहे असे म्हणावयास हरकत नाही. मोटारीने आपल्याला ते विसरावयास लावले. नंदुरबारहून तोरणमाळला सकाळी निघून, यशवंत तलाव पाहून, रात्री घरी जेवावयास परत येणारी कुटुंबे पुष्कळ आहेत. त्यांना मुक्कामाचा प्रश्नच पडत नाही. सायकल मात्र हा प्रश्न पुन्हा पुढे आणते, कारण तिचा टप्पा आपल्या पायांनी ठरतो. सपाटीवर पन्नास-साठ किलोमीटर, डोंगरात त्याच्या निम्मे, आणि सोबत मुले वा वडीलधारे असतील तर त्याहूनही कमी.

गेल्या डिसेंबरात आम्ही चौघे, मी, पत्नी, सोळा वर्षांची कन्या आणि साठी ओलांडलेले थोरले बंधू, असे नंदुरबार जिल्ह्यात सायकलींवर फिरलो. रस्ता कोणता घ्यावा हे एका संध्याकाळी ठरले. रात्री कोठे राहावे हे ठरविण्यास तीन आठवडे लागले. त्या तीन आठवड्यांत आणि नंतरच्या पाच दिवसांत जे समजले ते येथे मांडतो. आपल्या समाजातील तरुण मंडळी आता सायकली घेऊन दूरदूर निघू लागली आहेत, आणि त्यांच्या मुक्कामाची चिंता घरच्यांनाच अधिक असते.

दहा तासांचा दिवस

डिसेंबरच्या मध्यास नंदुरबारकडे सूर्योदय साधारण सात वाजून पाच मिनिटांनी होतो आणि सूर्यास्त सहाला दहा मिनिटे कमी असताना. नवकारशीचे पच्चक्खाण असेल तर सूर्योदयानंतर दोन घटिका, म्हणजे ४८ मिनिटे, मुखात काही घालावयाचे नाही. चौविहार असेल तर सूर्यास्तानंतर पाणीही नाही. म्हणजे खाण्यापिण्यास मोकळा असलेला दिवस सकाळी पावणेआठनंतर सुरू होतो आणि सायंकाळी पावणेसहाच्या सुमारास संपतो. हातात तास उरतात दहा.

घरी बसून हा हिशेब सोपा वाटतो. घाटात सायकल ओढताना त्याचे वजन कळते. पाच वाजता मुक्कामी पोहोचलो आणि स्वयंपाकी म्हणाला, ‘‘जेवण आठला,’’ तर दिवसभर श्रमलेल्या देहाला रात्रभर उपवास घडतो आणि दुसऱ्या दिवशीचा टप्पाही कोलमडतो. म्हणून आमच्या दृष्टीने चांगल्या मुक्कामाची पहिली कसोटी खोली किंवा गादी ही नव्हतीच. पाच वाजता ताट मिळेल का, हीच ती कसोटी.

एक गोष्ट मात्र आमच्या ध्यानात आली. हा नियम सायकलस्वाराच्या हिताचाच आहे. नंदुरबारचे रस्ते अंधारात सायकलीसाठी नाहीत. डिसेंबरात साखर कारखान्यांचा गळीत हंगाम चालू असतो. शहादा परिसरात उसाने लादलेल्या ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या, एकामागे एक जोडलेल्या, बहुधा मागच्या दिव्याविना चालतात. सूर्यास्तापूर्वी मुक्कामी पोहोचण्याचे बंधन ज्याने मानले, तो त्या ट्रॉल्यांच्या वाटेतून आपोआप बाजूला होतो.

दूरध्वनीवरचे पाच प्रश्न

‘‘खोली आहे का?’’ या प्रश्नाला बहुतेक ठिकाणी ‘‘आहे, या’’ असे उत्तर मिळते, आणि त्या उत्तराने सायकलस्वाराचे काहीच भागत नाही. चार-सहा ठिकाणी विचारून झाल्यावर आमचे पाच प्रश्न ठरले.

पहिला : सायकली रात्री आत, कुलपाखाली ठेवता येतील का? जिन्याखालची जागा, तळमजल्याची खोली, कोठी, काहीही चालेल, पण रस्त्यावर नाही. दुसरा : पहाटे कोणी फाटक उघडील का? तिसरा : सूर्यास्तापूर्वी कांदा, लसूण व कंदमुळांविना साधे जेवण मिळेल का? चौथा : उकळलेले पाणी सकाळी बाटल्यांत भरून मिळेल का? पाचवा : अंगणात नळ आणि कपडे वाळत घालण्यास दोरी आहे का? धुळीने माखलेली साखळी पुसल्याविना आणि घामाचे कपडे धुतल्याविना दुसरा दिवस निघत नाही.

एका लॉजच्या व्यवस्थापकाने पहिल्याच प्रश्नावर सांगितले, ‘‘सायकल काय, बाहेर लावा, इथे कोण नेतो!’’ तेथे आम्ही उतरलो नाही. त्याच्या बोलण्यात वाईट हेतू नव्हता. सायकल ही पोरांची किंवा गरिबाची वस्तू, असे त्याच्या मनात पक्के होते. मोटारीला तो छपराखाली जागा देतो, कारण मोटारवाला मोठा गिऱ्हाईक. सायकलवर आलेला पाहुणा एक रात्र राहतो, दोन वेळा जेवतो आणि चार बादल्या पाणी वापरतो. मोटारवाल्याहून तो अधिक खर्च करतो, हे गणित त्याने कधी मांडलेलेच नसते.

नंदुरबार ते शहादा

नंदुरबार हे पश्चिम रेल्वेच्या सुरत-भुसावळ मार्गावरचे स्थानक आहे. सायकली पार्सल कार्यालयात नोंदवून गाडीच्या ब्रेकव्हॅनमधून आणता येतात. १ जुलै १९९८ रोजी धुळ्यातून वेगळा होऊन हा जिल्हा झाला, पण गाव जुने, व्यापाराचे. माणिक चौकात शिरीषकुमार मेहता यांचे स्मारक आहे. ९ सप्टेंबर १९४२ रोजी गोळीबारात हुतात्मा झालेला हा मुलगा व्यापारी घरातला होता आणि त्याने वयाची सोळा वर्षेही पुरी केलेली नव्हती. आमची कन्या तेथे बराच वेळ उभी राहिली. तिचे वय त्याच्याच आसपासचे.

पहिल्या रात्री आमच्या सायकली एका परिचित आडत्याच्या मिरचीच्या कोठीत विसावल्या. नंदुरबारची मिरचीची बाजारपेठ देशात नावाजलेली आहे. हंगामात गावाबाहेरच्या पथाऱ्या लाल मिरचीने भरून जातात. सकाळी सायकली बाहेर काढताना आम्ही चौघेही शिंकत होतो आणि कोठीवाले हमाल हसत होते. पण कुलूप भक्कम होते आणि फाटक ठरल्या वेळी उघडले. व्यापारी माणसाला वेळ आणि कुलूप या दोन गोष्टी समजावून सांगाव्या लागत नाहीत.

शहाद्यापर्यंतचा टप्पा सुमारे चाळीस किलोमीटरचा. वाटेत प्रकाशे लागते. तापी आणि गोमाई यांच्या संगमावरचे हे क्षेत्र ‘दक्षिण काशी’ म्हणून ओळखले जाते. १९५४-५५ साली येथे भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाने उत्खनन केले, तेव्हा ताम्रपाषाण काळापासूनच्या वस्तीचे थर मिळाले. तीन हजारांहून अधिक वर्षे माणसे ज्या घाटावर उतरत आली, तेथे आम्हीही तासभर उतरलो. रस्त्याच्या कडेला बाभळी पुष्कळ. काट्यांनी दोन ट्यूबा पंक्चर केल्या. सुटे ट्यूब, पॅच आणि हवा भरण्याचा पंप सोबत असावा. गावोगावी पंक्चरवाला असतो, पण गिअरच्या सायकलीची ट्यूब त्याच्याकडे असेलच असे नाही.

तोरणमाळचा चढ

शहादा ते तोरणमाळ हे अंतर सुमारे ५५ किलोमीटर. तोरणमाळची उंची समुद्रसपाटीपासून साधारण साडेअकराशे मीटर आहे. म्हणजे शहाद्यापासून जवळजवळ हजार मीटर चढावे लागते. म्हसावद, राणीपूर ही गावे मागे पडेपर्यंत सपाटी आहे. पपई, केळी आणि ऊस यांच्या शेतांतून रस्ता जातो. काळापाणीच्या पुढे सातपुडा खऱ्या अर्थाने सुरू होतो आणि सातपायरी घाटात वळणांवर वळणे येतात.

आम्ही आदल्या रात्री कागदावर हिशेब मांडला. सपाटीचे तीस किलोमीटर अडीच तासांत, घाटाचे पंचवीस किलोमीटर चार तासांत आणि दीड तास विश्रांती. उजाडताच निघालो तर दुपारी तीनच्या सुमारास वर. सूर्यास्ताला अडीच-पावणेतीन तास शिल्लक, आणि तीच आमची पुंजी. दुकानदार जसा सगळा माल एकदम विक्रीस काढत नाही, तसे घाटात सगळे तास खर्चावयाचे नसतात. पंक्चर, पोटदुखी, थोरल्या बंधूंचा गुडघा, सारे त्याच शिलकेतून भागवावे लागते. त्या दिवशी गुडघ्याने एक तास घेतला आणि आम्ही चारच्या पुढे वर पोहोचलो.

घाटातल्या एका वळणावर पावरा कुटुंबाच्या घराच्या ओट्यावर आम्ही थांबलो. घरातल्या वृद्धेने विचारले नाही, पुसले नाही, सायकली ओट्याला टेकवून घेतल्या आणि मुलांना त्यांना हात लावू नका असे सांगितले. आम्ही आमचे पाणी प्यालो, खाकरे काढले, मुलांना दिले. निघताना तिच्याकडून वाळवलेल्या आंब्याचे आमचूर घेतले आणि तिने सांगितलेला भाव दिला. धडगावकडचे आमचूर मोठ्या बाजारांत जाते, हे व्यापाऱ्यांना ठाऊक असतेच. ते ज्या ओट्यावर वाळते तो ओटा आम्ही प्रथमच पाहिला. अशा ठिकाणी भावात घासाघीस करू नये आणि न विचारता छायाचित्र काढू नये, एवढे तरुणांना घरूनच सांगून पाठवावे.

तोरणमाळला पर्यटन विकास महामंडळाचे पर्यटक निवास आहे. महाशिवरात्रीला गोरक्षनाथांच्या यात्रेमुळे तेथे माणसांचा महापूर लोटतो. त्या दिवसांत सायकल घेऊन जाऊ नये. एरवीही आधी नोंदणी करूनच चढावे, कारण हजार मीटर चढून गेल्यावर ‘जागा नाही’ हे शब्द ऐकले तर मागे फिरण्यास प्रकाशही नसतो आणि पायही नसतात. जेवणाचे आदल्या दिवशीच सांगून ठेवले होते. उडदाची डाळ, मक्याची भाकरी, भात, एवढेच आणि कांदा-लसूण नाही. डोंगरात भाजी म्हटले की बटाटा येतो, म्हणून भाजी नको हेही सांगितले होते. सव्वापाचला ताटे वाढली गेली. सीताखाईच्या कड्यावर उन्हाची शेवटची तिरीप असताना आमचे पच्चक्खाण झाले.

दुसरा दिवस विश्रांतीचा ठेवला. चढ चढून आल्यावर एक दिवस थांबावयाचेच असे धरून चालावे. यशवंत तलावाच्या काठाने सायकली न घेता चाललो आणि पहिल्यांदाच तोरणमाळ पाहिले असे वाटले, जरी मोटारीने तीनदा येऊन गेलो होतो.

घोडा आणि दावण

उतरून शहादा, आणि तेथून सारंगखेड्यावरून दोंडाईचा असा परतीचा मार्ग होता. सारंगखेड्याला तापीच्या काठी दत्तजयंतीला मोठी यात्रा भरते आणि तिचा घोडेबाजार देशभर प्रसिद्ध आहे. यात्रेचे दिवस होते. त्या सुमारास आसपास एकही खोली मिळत नाही, म्हणून मुक्काम पुढे ठेवला होता आणि सारंगखेड्यात केवळ दोन तास थांबलो.

तेथे एक गोष्ट पाहिली. दूरच्या प्रांतांतून आलेले घोड्यांचे व्यापारी आपल्या राहुट्या घोड्यांच्या रांगेला लागूनच टाकतात. घोडा एका ठिकाणी आणि धनी दुसऱ्या ठिकाणी, असे कोणी करीत नाही. आधी घोड्याला पाणी आणि चंदी, मग स्वतःचे जेवण. जुन्या सराया आणि धर्मशाळाही अशाच असत. प्रवाशाला ओवरी आणि त्याच्या बैल-घोड्याला दावण, या दोन्ही मिळून मुक्काम होई. माणसाला जागा आणि वाहनाला नकार, ही रीत त्या बांधणाऱ्यांना कळलीच नसती. सायकलस्वार जेव्हा विचारतो की सायकल कोठे ठेवू, तेव्हा तो दावणच मागत असतो. त्याला चंदी लागत नाही, फक्त छप्पर आणि कुलूप लागते.

धर्मशाळा आणि विहारधाम

आमचा शेवटचा मुक्काम बळसाण्याला होता. हे धुळे जिल्ह्यातील साक्री तालुक्यातले गाव. श्री विमलनाथ भगवंतांचे तीर्थ म्हणून आपल्या वाचकांना ते परिचित आहे आणि तेथील प्राचीन मंदिरसमूह इतिहासाच्या अभ्यासकांना परिचित आहे. पाच प्रश्नांपैकी तीन तीर्थाच्या ठिकाणी विचारावे लागतच नाहीत. भोजनशाळा सूर्यास्तापूर्वी वाढते, कंदमूळ नसते, उकळलेले पाणी असते. अंगण असते, फाटक असते, रखवालदार असतो. सायकलीवर निघालेल्या कुटुंबाला जे जे हवे, ते आपल्या पूर्वजांनी पायी येणाऱ्या यात्रेकरूसाठी आधीच करून ठेवले आहे. मांगीतुंगी असो की सातपुड्यापलीकडचे बडवानीजवळचे बावनगजा, तीर्थांना जोडून सायकलीचा प्रवास आखला तर अर्धी चिंता मिटते.

येथे एक मर्यादा स्पष्ट सांगितली पाहिजे. महामार्गांवर ठिकठिकाणी संघांनी विहारधामे बांधली आहेत. एका विहाराइतक्या अंतरावर ती असल्याने सायकलस्वाराला मोह होतो. पण ती साधू-साध्वींच्या पायी विहारासाठी आहेत. तेथील शांतता आणि शुद्धता त्यांच्या आचारासाठी राखलेली असते. सहलीच्या मुक्कामासाठी त्यांच्याकडे पाहू नये. पाणी हवे असेल, ऊन टाळावयाचे असेल, तर व्यवस्थापकांची अनुज्ञा घेऊन दहा मिनिटे ओसरीवर बसावे आणि निघावे.

तरीही विहारधामे आपल्याला एक गोष्ट शिकवतात. चालणाऱ्याच्या पायाने अंतर मोजून बांधलेले निवारे आजच्या काळातही उभे राहू शकतात, आणि ते आपल्याच समाजाने उभे केले आहेत. रस्त्याची जी कड साध्वीजी पायी तुडवतात, तीच सायकलस्वाराची वाट आहे. भरधाव वाहनांचा धोका दोघांनाही सारखाच. त्या कडेवर दिवसा, उजेडात, थोडी माणसे अधिक दिसू लागली, तर मोटार चालविणाऱ्यांनाही तिचे भान येईल.

एवढेच करावे

नंदुरबार, शहादा, तळोदा, नवापूर, दोंडाईचा, प्रत्येक गावात आपल्या समाजाची वाडी, भवन किंवा धर्मशाळा असेल, किंवा निदान एखाद्या पेढीची रिकामी कोठी असेल. सायकलस्वारासाठी नवी इमारत लागत नाही. तळमजल्यावर एक कुलपाची खोली, भिंतीला लोखंडी दांडा, अंगणात नळ, एक हवेचा पंप, फडके आणि तेलाची कुपी, एवढे पुरे. फाटकावर ‘सायकल आत ठेवता येईल’ अशी पाटी लावावी आणि पहाटे फाटक उघडण्याची जबाबदारी एका माणसाकडे द्यावी. खर्च एका लग्नातल्या रोषणाईच्या शतांशाइतकाही नाही. भाडे रीतसर घ्यावे. फुकट मिळालेल्या मुक्कामापेक्षा रास्त दराचा मुक्काम पाहुण्यालाही मोकळा वाटतो, आणि आपल्या हिशेबातही तो टिकतो.

याने काय होईल? मुले डोंगर पाहतील, तो पाहताना वेळेत जेवतील, वेळेत झोपतील. आज घरातून निघणारे तरुण नियम सोडून जातात, कारण वाटेत नियम पाळण्याची सोय नसते. सोय केली तर नियम त्यांच्या सोबत प्रवास करील. आणि ज्या पट्ट्यात आपण पिढ्यानपिढ्या मिरची, धान्य, कापड यांचा व्यापार केला, तो पट्टा मोटारीच्या काचेआडून पाहण्याऐवजी आपली मुले ओट्यावर बसून पाहतील.

वाटेत एका धर्मशाळेच्या नोंदवहीत ‘वाहन क्रमांक’ असा रकाना होता. मुनीमजी क्षणभर थबकले. मग त्यांनी चष्मा नीट केला, त्या रकान्यात ‘सायकली चार, आतल्या पडवीत’ असे सुवाच्य अक्षरात लिहिले, आणि पडवीची किल्ली आमच्या कन्येच्या हातात दिली.